सावूसावूला उतरल्यावर

प्लगची भोकं इथं तिरकी असतात.
अडॅप्टर मुनसामीकडे मिळेल,
तो हिशेब हिंदीत करतो
आणि शिव्या फिजियनमध्ये देतो.

गावात शिरताना टोपी काढ.
याकोनाच्या मुळ्यांची जुडी न्यायला विसरू नकोस, बाजारात मिळते.
करवंटी पुढे आली की एक टाळी,
रिकामी केलीस की तीन.
जीभ बधिर होईल,
होऊ दे.

रविवारी बसचं विचारूच नकोस.

एवढं मेरेसेइनीनं सांगितलं
खोलीची किल्ली शोधता शोधता.
मी लिहून घेत होतो.

किल्ली सापडली. दारातून परत वळून म्हणाली,
वादळ आलं तर शाळा, देऊळ, मशीद,
जे जवळ असेल त्यात घूस.
मागच्या खेपेला मी मशिदीत झोपले होते,
कोंबड्यांसकट.