पाय कोरडे आहेत का

दाल्काउएच्या फेरीवर चढताना
आउरिस्तेलाचा चेहरा पिठासारखा होता.
खोकल्याच्या दोन उबळींमध्ये
तिने एवढंच सांगितलं:
'कोंबड्यांकडे बघ. पाय कोरडे ठेव.'

मला वाटलं, माझे.
त्याच दिवशी आचाओच्या दुकानातून
गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले.

जुलैत आमच्या बेटावर
पाऊस राहायलाच येतो,
खुर्ची ओढून चुलीपाशी बसतो,
उठायचं नाव घेत नाही.
चौथ्या दिवशी खुराड्याचं दार ढकललं,
एक पाऊल टाकलं, मागे घेतलं,
बूट आतच राहिला, मी बाहेर मोज्यावर.
सतरा कोंबड्या पोटापर्यंत राड माखून
माझ्याकडे बघत होत्या,
लग्नाआधी तिची आई बघायची तशा:
मान वाकडी, एकच डोळा.

निळी अंडी मातकट झालेली.
अंगठ्याने घासलं
तेव्हा कुठे खाली निळं लागलं.

मी गव्हाचा पेंढा पसरला.
दोन दिवस नुसतं सोनं.
तिसऱ्या दिवशी तो चटईसारखा निजला,
वर पांढरी बुरशी, खाली आंबट वाफ.
मग किनाऱ्यावरची वाळू,
हातगाडीने अकरा खेपा.
चिखलाने गिळली, ढेकरही दिला नाही.
मग शिंपल्यांचा चुरा,
मग जुनं दार आडवं टाकलं,
तेही कडीसकट बुडालं.

सेगुन्दो मिल्यालोंकोच्या लाकडाच्या वखारीत
मी भुशाच्या ढिगात हात घातला,
त्याने मनगट धरलं.
'बारीक नको, डोळ्यांत जातो.
सायप्रसचा तर नकोच,
माणसाला अत्तर, त्यांच्या छातीला जाच.
हे ने, रंध्याखालचे कुरळे काप.
कोरडे आहेत, फुगतात, श्वास घेतात.'
आणि पैसे?
'आउरिस्तेला आली की सहा निळी.'

संध्याकाळी कास्त्रोच्या इस्पितळातून फोन.
कुणीतरी तो तिच्या कानाशी धरलेला.
'पाय कोरडे आहेत का?'
हो, म्हटलं, नवे बूट घेतलेत.
बराच वेळ नुसता तिचा श्वास,
मधूनच शिट्टीसारखा.
'गाढवा. त्यांचे.'

मग म्हणाली, आतलं मूठभर उचल.
उचललं.
आवळ.
आवळलं.
'ठिबकतंय?'
ठिबकतंय.
'मग खाली काय बघतोस? वर बघ.'

वर पत्र्याची कड.
पन्हळ एका खिळ्यावर लोंबत होती.
नोल्फाच्या लग्नाच्या वर्षी ती निखळली,
'उद्या लावतो' म्हणालो होतो.
नोल्फाची मुलगी आता शाळेत जाते.
इतकी वर्षं सगळ्या छपराचा पाऊस
बरोबर त्यांच्या उंबऱ्यावर पडत होता
आणि दर हिवाळ्यात
ही बाई न बोलता
फावड्याने चिखल ओढत होती.

मी फोन ठेवला की तिने, आठवत नाही.
शिडी आठवते. कंदील आठवतो.
तोंडात धरलेले सात खिळे,
त्यांची गंजाची चव.
दुसऱ्या दिवशी चर खणला,
दारापासून उतारापर्यंत, उतारापासून ओहोळापर्यंत.
चिखल खरवडून काढला, चुलीतली राख भुरभुरली,
मग वीतभर उंच काप,
आणि त्यात मूठभर गहू विखरून दिला.
बाकीचं नांगरणं कोंबड्यांनी केलं.

आठवड्याने मूठ आवळली.
गोळा झाला, बोटं उघडली,
तसा सावकाश विस्कटला.
त्या रात्री मी कुणालाच काही सांगितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी ती आली.
घरात न जाता थेट खुराड्यात,
चांगल्या कोटानिशी गुडघे टेकले,
नाक खाली नेलं, जमिनीपासून वीतभर,
कोंबड्या जिथे रात्रभर श्वास घेतात तिथे.
उभ्या माणसाला तो उग्र वास कळत नाही,
डोळ्यांत झोंबेपर्यंत.

मी दारात. पन्हळीतून पाणी
चराकडे चाललेलं ऐकू येत होतं.
बराच वेळ ती तशीच.
एक लाल कोंबडी येऊन
तिच्या कोटाचं बटण टोचू लागली.

मग हात माझ्या खांद्यावर टेकून उठली,
खाली बघितलं.
'बूट केवढ्याला पडले?'