विरी

आठवीच्या पुस्तकात चल दोन जातींचे,
एक स्वतंत्र, एक अवलंबी.
फळ्यावर लिहून मी मागं वळले
तर शेवटच्या बाकावरचा निवृत्ती उठून उभा,
"चल म्हणलात ना बाई? कुठं जायचंय?"

दुधनेकाठच्या त्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे
एक कुलूपबंद कपाट,
तीन परीक्षानळ्या, त्यातल्या दोन तडकलेल्या,
आणि एक तापमापी,
तिचा पारा मात्र अजून जागेवर.

म्हटलं, प्रयोग घरून आणा.
एकच गोष्ट आपल्या हातानं बदलायची, ती स्वतंत्र.
तिच्यामागं जी बदलत जाईल, ती अवलंबी.
बाकी सगळं जिथल्या तिथं.

कुणी मटकी भिजवली.
कुणी सायकलच्या चाकात हवा कमी-जास्त केली.
दैवशाला आवचारनं तापमापी मागून घेतली,
ओढणीच्या टोकात बांधून नेली.
आई भाकरीला बसली की
ही पाण्यात पारा बुडवून आकडा वाचायची,
आणि भाकरी तव्यावर पडण्याआधी
काठाच्या चिरा मोजायची.
पाणी स्वतंत्र. चिरा अवलंबी.
पीठ एकाच दळणाचं, मालदांडीचं,
काठवट तीच, थापणारे हात तेच.
एक दिवसाआड पाणी थोडं जास्त गरम.

बाराव्या दिवशी वही आली.
माठातल्या पाण्याला नऊ चिरा,
मग सात, मग सात,
मग आठ, मग अकरा,
आणि उकळत्या आधणाच्या भाकरीला पंधरा.

मी वही तिरकी करून पाहिली.
आलेख उताराला लागला होता
आणि मध्येच चढणीला वळला होता.
लाल पेनानं लिहिलं, 'मोजण्यात चूक',
कारण उत्तर मला आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई आली.
वर्गात नाही आली, उंबऱ्यापाशीच थांबली.
"पोरीनं बरोबर मोजल्यात बाई,
मी बी संगं मोजल्या.
पण बारा दिस एकच पीठ वापराया लावलं हिनं.
आठ दिसांवर ज्वारीच्या पिठाला विरी राहती व्हय?
तुम्ही म्हणता आम्ही पाणी बदललं.
पीठ बी बदलत होतंच की,
डब्यात."

डब्यात.
झाकण लावून, कुणी हात न लावता.
'स्थिर' म्हणून ज्याच्यापुढं आम्ही
पट्टीनं रेघ मारली होती
ते रात्रंदिवस चाललं होतं.
निवृत्ती हळूच म्हणाला, "म्हणजे ते पण चल."
या वेळी कुणी हसलं नाही.

मग रविवारी शाळेच्या मागं तीन विटांची चूल.
त्याच पहाटेचं दळण,
सारख्या वजनाचे सहा उंडे,
किराणा दुकानाचा तराजू उसना.
फक्त पाणी वेगळं, आणि एकच सकाळ.
नऊ, आठ, पाच, तीन, एक.
सहावी भाकरी काठाला अशी गोल
की दैवशालानं दोनदा फिरवून पाहिली.
शून्य, तिनं लिहिलं, जरा मोठं.
निवृत्तीनं मिरचीच्या ठेच्याबरोबर
निष्कर्ष खाऊन टाकला.

लाल शाई खोडता येत नाही.
तिच्याखाली मी निळ्यानं लिहिलं,
'चूक माझी', आणि सही केली.
विरी हा शब्द पुस्तकात नव्हता,
तो समासात लिहिला.

प्रयागबाई बोटं फुंकत होती.
उकळत्या पाण्याचा उंडा मळला होता तिनं,
टोकं लालभडक.
दैवशालानं ते पाहिलं,
तक्त्याच्या कडेला आणखी एक रकाना आखला,
वर लिहिलं 'आईची बोटं',
आणि विचारलं, "बाई, हे कशात मोजायचं?"

मी काही म्हणणार इतक्यात
काठवट धुता धुता प्रयागबाईच म्हणाली,
"ते नको लिहू गं.
ते रोजचंच हाय."