बसला चौकोन नव्हता

पहाटे चारला शाळेच्या व्यायामशाळेत मोजणी संपली.
निकाल वाचणारा माणूस आमच्या उमेदवाराच्या नावाशी अडखळला,
वेल्सच्या या खोऱ्यात साठ वर्षं
जे न वाचताही निवडून यायचं
त्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव.
घरी चालत आले. टेकडीएवढा खाणीचा ढिगारा,
आता गवताखाली, वर मेंढ्या,
त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

शनिवारी बैठक. खाणकामगारांच्या जुन्या सभागृहात, माडीवर,
(खाली हल्ली गालिचे विकतात)
अकरा माणसं आणि तीस खुर्च्या.
एमरिस म्हणाला, वर्तमानपत्रं विकली गेलीत.
कार्डिफहून आलेला पोरगा म्हणाला, संदेश पोचला नाही.
मग कुणी पुढाऱ्याचं नाव घेतलं, कुणी त्याच्या आधीच्या पुढाऱ्याचं,
ज्याला जाऊन बारा वर्षं झाली.
सगळ्यांच्या हातात एकेक खापर
आणि फोडायला डोकी कमी.
अंगणच वाकडं होतं म्हणे.
अंगण होतं कुठे? ते आपणच विकलं,
पोहण्याच्या तलावासकट,
नगरपालिका आपली असताना.
हे मी बोलले नाही.
मी सचिव. इतिवृत्तात लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.

लिहिताना मला एक दार आठवत होतं.
मतदानाच्या आठ दिवस आधी, एकतीस नंबरचं,
काइन्वेन प्यू, एका पायात मोजा, दुसरा हातात.
मी विचारलं, यंदाही आम्हालाच ना?
ती म्हणाली, शेवटची बस सातला जाते.
वृद्धाश्रमातली माझी पाळी नऊला सुटते.
मी मान हलवली, पेन काढलं.
कागदावर तीनच चौकोन:
आपले. त्यांचे. नक्की नाही.
बसला चौकोन नव्हता.
मी 'नक्की नाही'वर फुली मारली
आणि बत्तीस नंबरची घंटी वाजवली.

म्हणजे ती सांगत होती, आणि
मी तिला मोजत होते.

पुढच्या मंगळवारी नऊला वृद्धाश्रमाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले,
पक्षाचा बिल्ला घरी विसरून. मुद्दाम विसरून.
ती म्हणाली, आता काय? निवडणूक तर झाली.
मला उत्तर सुचलं नाही, म्हणून
तिच्याबरोबर चालू लागले.
दोन मैल चढण. ती गुडघ्यांबद्दल बोलली,
भावाबद्दल, आश्रमातल्या एका म्हाताऱ्याबद्दल
जो अजून पहाटे उठून डबा मागतो खाणीवर न्यायला.
माझ्या आईबद्दलही बोलली. संपात तुझी आई
आमच्या दारात सूपची बादली ठेवायची, म्हणाली,
आणि मत मागायची नाही.

पाचव्या आठवड्यात चर्चची जुनी मिनीबस मिळाली,
पेट्रोल आपापसात.
गुरुवारी गेथिन चालवतो.
तो सांगतो, मी तुम्हाला मत दिलं नाही.
दर गुरुवारी सांगतो, गिअर टाकता टाकता,
आणि बरोबर नऊला हजर असतो.

लंडनहून पक्षाचा पुनर्बांधणी आराखडा आलाय,
चौसष्ट पानं, बोधचिन्हाचा लाल रंग जरा गडद केलेला.
'ऐकणे' हा शब्द एकोणीस वेळा आहे. मी मोजला,
मोजायची सवय जाता जात नाही.

जिंकू का, ते माहीत नाही.
एमरिस विचारतो, या बसमधून मतं किती येतील?
मी म्हणते, सहा जागा आहेत, एक मोडकी.
तो रागावून जातो. मग एका रात्री येतो
आणि मोडक्या जागेचा स्क्रू आवळत बसतो, न बोलता.

काइन्वेनच्या नावापुढची फुली मी खोडलेली नाही,
तिला विचारलंही नाही.
काल ती उतरली आणि दार धाडकन आपटलं.
पूर्वी अशा आवाजानं माझ्या पोटात गोळा यायचा.
या गाडीचं दार तसंच लावावं लागतं,
नाहीतर चढावर उघडतं.