दोनशे पस्तीस, पंचाहत्तर, पंधरा

उद्यमनगरात बाबालालच्या दुकानी
दुपारी दोनला गाडी जॅकवर चढते.
शेजारच्या फौंड्रीत कुणीतरी घण घालतंय,
प्रत्येक ठोक्याला माझ्या चहात एक वलय.

बाबालाल साइझ विचारत नाही.
जुना टायर आडवा पाडतो,
त्याच्या खांद्यावरून अंगठा फिरवतो,
म्हशीच्या कासेवरून मी फिरवते तसा.
खाचेतला जांभ्याचा खडा नखानं उपटतो
आणि म्हणतो,
"पाटगावच्या वर जाताय. सड्यावर.
आठवड्यातनं दोनदा तरी."

मी मोबाइल पुढं करते.
ऋतुराजनं, धाकट्या दिरानं, फोटो पाठवलाय:
अठरा इंची अलॉय, काळी, चकचकीत,
वरातीत शोभतील अशी.
बाबालाल बघतो. सभ्यपणानं बघतो.
"रिम मोठी झाली की टायरची भाकरी पातळ होती, डॉक्टरीणबाई.
दगडाचा मार रबरानं खायचा, रिमनं न्हाई.
लोखंड वाकलं तर घण मारून सरळ करून देतो.
ह्ये तडकलं
तर करा मुक्काम धनगरवाड्यावर."

त्याचं न ऐकता एक चूक करूनच बघितली.
एकतीस इंची, साडेदहा रुंद, हौसेनं चढवला.
गाडी उभी राहिली
आखाड्यात उतरल्यासारखी, मांडी थोपटून.
इर्शादनं स्टिअरिंग डावीकडं पुरं मोडलं
आणि मडगार्डनं रबर चावलं.
कर्र.
"मामू, दोन इंच उचलूया की गाडी?"
"आज गाडी उचलशील, उद्या गियर रडतील.
घाटात दुसऱ्याच्या जागी पहिला टाकत बसतील बाई."
उतरला पैलवान.

मग फरशीवर खडूनं आकडे.
दोनशे पस्तीस: रुंदी, मिलिमीटरमध्ये.
पंचाहत्तर: त्या रुंदीच्या किती टक्के उंची.
पंधरा: रिम, इंचात.
एका ओळीत तीन मापं, एकाचं दुसऱ्याशी नातं नाही,
तरी मला परकं वाटलं नाही.
आमच्यातही रान गुंठ्यात, ऊस टनात,
विहीर परसात,
आणि धनगरवाडा कुठं विचारलं
तर "हितनं एक हाक".

जुने चारही टायर भिंतीला टेकून.
पुढच्या डाव्यापाशी बाबालाल उकिडवा बसला,
बराच वेळ काही बोलला नाही.
"ह्यो अलीकडं कमी झिजाय लागलाय.
डावीकडं कोण बसायचं?
आता बसत न्हाई वाटतं."

केरबा परीट. दवाखान्याचा ड्रेसर.
लसीचा थर्मास मांडीवर, जणू लेकरू,
आधी माझ्या मोटरसायकलवर, मग ह्या गाडीत,
सड्यावर कुठल्या दगडाला डावं चाक द्यायचं
ते हनुवटीनं सांगणारा.
मार्गशीर्षात निवृत्त झाला.
आता नातवाला शाळेत सोडतो, स्कूटीवरनं.
मी कुणापाशी काढलं नव्हतं हे.
रबरानं सांगितलं.

"हवा किती ठेवू?"
"डांबरावर तीस. सडा लागला की वीस.
खाली उतरून, काट्यावर बघून, अंदाजानं न्हाई.
आन परतताना भरायचं इसरू नका."
जरा थांबून म्हणाला,
"मीटर आता खोटं बोलंल.
चाक मोठं, फेरे कमी."

मी तिथंच हिशेब केला.
दवाखान्यापासून कारवीचा धनगरवाडा अठ्ठेचाळीस,
मीटर सांगणार सेहेचाळीस.
प्रवासभत्त्याच्या वहीत
अख्खा वाडा, शेळ्या-मेंढरांसकट,
दोन किलोमीटर अलीकडं सरकला.
साहेबांना आनंद होईल.

"येतो मी," म्हटलं,
पैसे दिले, शंभरची नोट फाटकी निघाली ती बदलून दिली.

गुरुवारी सड्याच्या तोंडाशी गाडी थांबवली.
एकेका चाकापाशी बसून हवा सोडली,
चार वेळा, वीस होईपर्यंत.
कडेच्या कारवीत काहीतरी सळसळलं, थांबलं.
मग वर चढून
डाव्या सीटवरच्या थर्मासला
बेल्ट लावला.