तुटक रेघ

एकवीस फूट लांब, साडेनऊ रुंद.
मोरीमागची ही पट्टी
आमचीच होती म्हणे, बेचाळीस वर्षं, कागदावर.
आम्ही तिथे ठेवल्या फुटक्या बादल्या
आणि एक सायकल, जिचा मुलगा आता मेलबर्नला असतो.

कमलाकर मार्चअखेर जलविभागातून निवृत्त झाला
आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी
खडू घेऊन बसला.
दर तासाला उठायचं,
समोरच्या बावीस मजल्यांची सावली संपते तिथे रेघ मारायची.
संध्याकाळी चेंबूरभरची पोरं असावीत तशी पोरं आली
आणि त्या रेघांवर लंगडी खेळून गेली.
हिशेब निघाला: ऊन, एक तास चाळीस मिनिटं.
तेही भिंतीकडच्या अर्ध्यात.
"मोगरा नाही व्हायचा," म्हणाला,
एखाद्या चाळीला सांगावं तसं,
की दाब नाही, पाणी वर चढणार नाही.

मग रामअवधने खणून पाहिलं.
वीतभर खाली विटांचे तुकडे, मोझॅकचा चुरा,
वरच्या चार मजल्यांनी पिढ्यानपिढ्या पाडलेले
कपड्यांचे चिमटे.
दोन फुटांवर शिंपले.
पांढरे, बोटांत कुस्करणारे, घमेलंभर.
मी एक नाकाशी नेला.
वास कसलाच नव्हता.

रात्री जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर.
आमटीचं भांडं ओट्यावर गेलं.
चौतीस वर्षं याने शहराखालचे नळ काढले,
त्यामुळे झाडांच्या आधी
चेंबर, गटार, मीटरची केबल.
"अख्खी रेघ म्हणजे आहे ते.
तुटक म्हणजे जमिनीखालचं, न दिसणारं.
नाहीतर, जे अजून व्हायचंय ते."
"मग फरक कळायचा कसा?"
"खाली टीप लिहितात."

मला बकुळ हवी होती. एवढंच मागितलं होतं मी.
तो म्हणाला, नकाशात झाड रोपाएवढं काढत नाहीत,
वाढून केवढं होईल तेवढं काढतात.
आणि कंपास उघडला,
आणि उघडतच गेला.
वर्तुळ भिंतीवरून धोत्र्यांच्या स्कूटरवर,
सुब्बलक्ष्मीमामींच्या बाल्कनीत,
आणि आमच्याच खिडकीतून आत, थेट गॅसच्या शेगडीपर्यंत.
"किती वर्षांनी?"
"पंचवीस. माती अशी, म्हणजे तीस धर."

धोत्र्यांची नोटीस जिन्यात होतीच.
पुनर्विकास, संमतीपत्रं, सर्वसाधारण सभा.
तीन वर्षं, फार तर चार.
बिल्डरच्या नकाशात आमच्या पट्टीवर गाड्यांची लिफ्ट आहे.
तीही तुटक रेघेत.

मग आम्ही शहाण्यासारखं केलं.
मामींचा एसी रात्रभर ठिबकतो, त्याच्याखाली अळू.
भिंतीशी हळद, चेंबरच्या झाकणाभोवती गवती चहा,
झाकण उघडायला जागा सोडून.
मामींनी दिलेला कढीपत्ता
निळ्या पिंपात, कड्या लावून,
म्हणजे निघायची वेळ आली तर दोघांना उचलता येईल.
"दोघांना म्हणजे कोणाला?" मी म्हटलं,
"तुझी पाठ, माझे गुडघे."
त्याने पिंप छोटं केलं.

सगळं शाईने पक्कं झालं.
बकूळ तेवढी राहिली पेन्सिलीत, तुटक,
खोडली नाही त्याने,
आणि खाली टीपही लिहिली नाही.
मी विचारलं नाही.

अळवाला तिसरं पान आलंय.
मामींनी आत्तापासून सांगून ठेवलंय.
आणि सकाळी चहा ठेवताना
शेगडीपाशी
मी हल्ली थोडी वाकून उभी राहते,
डोक्याला फांदी लागू नये म्हणून.