तीनशे अठरा

विमला गड्डम, वय चौतीस, मुलं दोन,
एलएलबीचं शेवटचं वर्ष,
पुराव्याच्या कायद्यात एकदा नापास.
हे सगळं आम्ही विडी घरकुलात
कुणालाही, न विचारता, सांगतो.

मांडीवर सूप, सुपात जर्दा,
सुपाच्या कडेला टेकवलेलं पुस्तक.
एक पान तेंदूचं, ओलं.
एक कायद्याचं, बोटांनी पिवळं केलेलं.
"काय वाचलालीस ग?" नरसूबाई विचारते.
"पुरावा."
"कशाचा?"
"कशाचाही."
"मग माझ्या पाटल्यांचा काढ की.
बहात्तरच्या दुष्काळात गेल्या. जावेनंच घेतल्या."
"तू बघितलंस?"
"शेजारणीनं सांगितलं."
"ऐकीव. कोर्ट धरत नाही."
नरसूबाई तेव्हापासून कोर्टावर रुसलीये.

त्यात सरकारनं कलमांचे नंबर बदलले.
जुने पाठ होते, ते वाया.
रझियाला वेगळीच काळजी: "चारशेवीस गेलं?
मग आता चेकरला काय म्हणायचं?"
"तीनशे अठरा."
आम्ही सगळ्यांनी म्हणून बघितलं.
शिवी तोंडात बसेना,
नव्या चपलेसारखी चावायला लागली.
चार दिवस वापरली, मग सैल झाली.

एप्रिल. डोक्यावर तापलेले पत्रे,
पाणी पाच दिवसांआड, तेही रात्री दोनला.
पालथ्या घागरीवर बसून ती पुटपुटायची,
मागून अंबव्वा:
"म्याडम, तुमची तारीख पडली. घागर सरकवा."

एका दुपारी तिनं पुस्तक मिटलं.
"हजार विड्या भरू का कलमं?
नाही जमत मला."

आमच्यात कुणी गप्प बसलं
की गल्लीतली कुत्रीसुद्धा कान टवकारतात.
त्या दिवशी सगळ्याच गप्प.
मग नरसूबाईनं तिच्या सुपातली पानं उचलली,
एक मूठ रझियाला, एक मला,
मोठी मूठ स्वतःला.
"चदुववे," म्हणाली. "वाच.
बोटं आमची. तोंड तुझं चालव.
आणि मोठ्यानं. फुकट नाही वळणार."

तीन आठवडे ती वाचत राहिली.
मृत्यूपूर्व जबाबाला अंबव्वा रडली.
खोट्या साक्षीदाराला रझियानं
तीन भाषांत धुतलं.
माझ्या कट्ट्यात पंचविसाच्या जागी
सव्वीस विड्या निघायला लागल्या.

पेपरच्या दिवशी पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी.
"हॉलमध्ये पुडी सोडू नको," रझियानं बजावलं,
"अख्खी रांग शिंकेल, तुझी कॉपी धरतील."
बस गेली. आम्ही कारखान्यात.

चेकरनं रोजच्यासारखा कट्टा सोडला,
बघितलं न बघितलं,
मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या.
ती छाट पुढं कुठं जाते
ते सगळ्यांना माहीत आहे.
बघितलेलं कुणी नाही.

नरसूबाई टेबलावर दोन्ही कोपरं टेकून उभी राहिली.
"का काढली, ते लिहून दे."
"काय?"
"कागदावर. सहीनिशी. ऐकीव चालत नाही."
मागनं कुणीतरी, हळू, पण ऐकू जाईल इतपत:
तीनशे अठरा.
त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
नऊ विड्या कट्ट्यात परत आल्या.
बाकीच्या नाही आल्या.
नऊ आल्या.

संध्याकाळी विमला बसमधून उतरली,
कपाळावर पेनाची शाई.
"कसा गेला?"
"बरा."
"बरा म्हणं," नरसूबाई म्हणाली,
"स्वतःच्या फायद्याचं स्वतःच सांगलालीस.
साक्षीदार कुठंय?"
आणि सूप सरकवून तिला जागा केली.
"बस. उद्याचा कुठला?
काढ पुस्तक. माझी पानं वाळलालीत."