तीन विसा चौदा

दुसरीच्या वर्गात या आठवड्यात वजाबाकी आहे.
मी ती भिंतीतून ऐकतो.
भट्टीचं तोंड बोळात, पाठ वर्गात :
लाकडं मी घालतो, ऊब त्यांना,
आणि त्या बदल्यात मला फुकट गणित.

पोरं पाच. राचाच्या या टोकाला
पाच म्हणजे वर्ग भरलेला.
तेओनाबाई कुताईसीहून आल्यात, पहिलंच वर्ष,
नखं अजून शहरातली.
त्यांनी माझ्याकडे अक्रोड मागितले,
आणि जुने लोकरी मोजे, सात,
जोडी नसली तरी चालेल म्हणाल्या.
माझ्या घरात बिनजोडीचेच जास्त.
एका मोज्यात दहा अक्रोड, वर गाठ.
सात मोजे. चार सुटे.
चौऱ्याहत्तर.

यातून अठ्ठावीस काढायचे.
चारांतून आठ जात नाहीत.
सोमवारी जात नव्हते, मंगळवारीही गेले नाहीत.
"मग शेजारी जायचं," बाई म्हणाल्या,
"दशकाच्या दारात. दहा उसने मागायचे."
एक मोजा सुटला. अक्रोड घरंगळले फळ्याखाली,
इमेदा त्यांच्यामागे रांगत गेला
आणि बराच वेळ बाकाखालीच राहिला.

बुधवारी त्सोत्नेने विचारलं :
"परत कधी द्यायचे?"
"काय?"
"उसने घेतलेले."
भट्टीत ओंडका फुटला, तेवढाच आवाज.
त्सोत्नेच्या आईचं नाव दुकानाच्या वहीत आहे,
ती इटलीला गेली त्याच्याही आधीपासून.
तिथे ती कुणा परक्या म्हातारीला न्हाऊ घालते.
दर महिन्याला वहीतली एक ओळ खोडली जाते,
आणि आजी साखर आणते तेव्हा एक वाढते.
बाई म्हणाल्या, "वजाबाकीत परत देत नाहीत."
पोरानं मान हलवली,
पटल्यासारखी नाही,
दुकानदारापुढे हलवतात तशी.

गुरुवारी म्झेकाला उभी राहिली.
फार बोलत नाही ती, नाक मात्र सतत वाहतं.
फळ्यावर पुन्हा तेच सात आणि चार.
"बाई, आकडा तोंडाने म्हणा ना."
बाईंनी म्हटला, आमच्यात म्हणतात तसा :
तीन विसा नि चौदा.
"चौदा," म्झेकाला म्हणाली. "सुटेच आहेत की.
मोजा कशाला सोडायचा?
चौदातून आठ गेले, सहा.
तीन विसांतून एक वीस गेली, राहिल्या दोन.
दोन विसा नि सहा."
आणि बाहीला नाक पुसलं.

मी लाकूड हातात धरून तसाच उभा.
साठ वर्षं हा आकडा म्हणत आलो,
मेंढ्या मोजताना, मतं मोजताना,
गावातली धुराडी मोजताना
(होती तीन विसा चौदा; ती वजाबाकी आत्ता नको),
आणि कधी दिसलं नाही
की त्यात एक गाठ आधीच सोडून ठेवलेली आहे,
कुणा म्हातारीनं, केव्हातरी,
येणाऱ्याला दारात उभं राहून
मागावं लागू नये म्हणून.

बाईंनी पुस्तक पाहिलं.
पुस्तकात मोज्यांचीच रीत.
मग खडू म्झेकालाच्या हातात दिला
आणि स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसल्या,
गुडघे बाकात मावेनात.

शुक्रवारी संध्याकाळी वर्ग झाडायला गेलो.
सुटलेला मोजा खिडकीत पडलेला.
अक्रोड गोळा करून भरले : नऊ.
दहाव्याची टरफलं इमेदाच्या बाकाखाली.
उसनं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात.
मोजा माझाच होता, अक्रोडही माझेच,
तरी खिसा चाचपला.
दोन निघाले. दोन्ही टाकले, गाठ मारली.

सोमवारी कुणाचा तरी हिशेब एकाने चुकेल.
चुकू दे.